टर्बिनाफिनला न जुमानणारा नायटा: यवतमाळ जिल्ह्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातल्या शेतकरी कुटुंबाचे आहे. रुग्णाची व गावाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. रुग्ण 36 वर्षांची स्त्री असून घरची पाच एकर जमीन कापूस आणि सोयाबीनखाली आहे. आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करतो. या बाईंवर उपचार करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडम आठवड्यातून एकदा, बुधवारी, तालुक्याच्या रुग्णालयात बसतात. दोन ठिकाणांमध्ये एसटीने दीड तासाचे अंतर आहे, आणि या प्रकरणात ते अंतर वेगवेगळ्या प्रकारे आडवे आले.

आजाराची सुरुवात आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, निंदणाच्या दिवसांत झाली. दिवसभर ओल्या वावरात वाकून काम, कमरेला घट्ट बांधलेला परकर, आणि पावसामुळे दोन दोन दिवस न वाळणारे कपडे. परकराच्या नाडीखाली कमरेवर एक गोल चट्टा उठला, आठ दिवसांत तो तळहाताएवढा झाला, आणि मग जांघेत व मांड्यांवर पसरला. गावातल्या मेडिकलमधून मिळालेली ट्यूब लावताच दोन दिवसांत खाज थांबली. ट्यूब संपली तशी खाज परत आली. बाईंच्याच शब्दांत, "लावलं का थांबते, सोडलं का दुप्पट येते."

त्या ट्यूबचे रिकामे वेष्टन त्यांनी पुढे आम्हाला दाखवले. त्यात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड, एक जिवाणूनाशक आणि एक बुरशीनाशक एकत्र होते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दबते, पण त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्तीही दबते. बुरशीला मोकळे रान मिळते आणि चट्ट्याचे रूप बदलून निदानही अवघड होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांचा शेड्यूल एचमध्ये समावेश केला, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. गावपातळीवर या नियमाचे काय होते हे इथे राहणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. बाईंनी दहा महिन्यांत अशा आठ ट्यूब वापरल्या होत्या.

त्यानंतर तालुक्याच्या एका दवाखान्यात टर्बिनाफिन या बुरशीनाशकाची 250 मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे चार आठवडे झाली. फरक पडला नाही म्हणून मात्रा दुप्पट करून आणखी सहा आठवडे झाली. मध्ये आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल, आणि शेवटी लुलिकोनाझोलचे मलम. या सगळ्याला तेरा महिने उलटल्यावर त्या मॅडमकडे आल्या. तोवर नवरा, थोरली जाऊ, जावेचा नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू अशा चौघांच्या अंगावर चट्टे उठले होते.

अडचण

रुग्ण गोळी घेत नसेल, घरातून पुन्हा पुन्हा लागण होत असेल, स्टेरॉइड चालू असेल, किंवा बुरशी औषधाला दाद देत नसेल, अशा चारही कारणांनी बाहेरून दिसणारे चित्र सारखेच असते. या घरात पहिली तिन्ही कारणे थोडीफार असण्याची शक्यता होती. मॅडमनी मात्र गोळ्यांची रिकामी पाकिटे मागवून मोजली आणि दहा आठवड्यांच्या गोळ्या खरोखर घेतल्या गेल्या होत्या. त्यामुळे चौथ्या कारणाचा शोध घेणे रास्त होते.

टर्बिनाफिन बुरशीतील स्क्वॅलीन इपॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवते. त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होत नाही आणि पेशीत स्क्वॅलीन साचून ती मरते. या विकराचा जनुक एका जागी बदलला की औषध त्याला नीट चिकटत नाही. भारतात गेल्या दशकभरात पसरलेल्या नायट्यामागे प्रामुख्याने जी बुरशी आहे, तिच्यात असे बदल वारंवार आढळले आहेत. पूर्वी तिला ट्रायकोफायटॉन मेन्टाग्रोफायटिसचा एक जनुकीय प्रकार मानत असत. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदले गेले तेव्हा तिकडे मोठी चर्चा झाली. आमच्याकडे दर बुधवारी बाकावर बसलेल्या निम्म्या लोकांना तिचीच बाधा असावी असा आमचा अंदाज होता, पण अंदाजावर पाच माणसांना महागडे औषध सुरू करणे मॅडमना मान्य नव्हते.

पहिला नमुना

पहिल्या नमुन्याच्या बाबतीत चूक आमची झाली. बाईंना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले होते. आमच्या तंत्रज्ञांनी 70 टक्के अल्कोहोलने चट्ट्याची कड पुसली, बोथट पात्याने कोंडा खरवडला आणि काळ्या कागदात घेतला. दहा टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणाच्या थेंबात वीस मिनिटे ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर फांद्या फुटलेले, आडवे पडदे असलेले बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. उरलेला कोंडा बुरशी वाढवण्याच्या साबुरो माध्यमावर पेरला. चार आठवडे वाट पाहूनही नळीत काहीच उगवले नाही.

कारण साधे होते. बाईंनी त्याच दिवशी पहाटे, एसटी पकडण्याआधी, लुलिकोनाझोल लावले होते. मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणून आंघोळ करून नीट लावले होते, असे त्या म्हणाल्या. केओएचखाली मेलेली बुरशीही दिसते, पण ती माध्यमावर उगवत नाही. "मलम कधी लावले?" हा प्रश्न आमच्या अर्जावर नव्हता, आणि तंत्रज्ञांनीही तो विचारला नाही. एका न विचारलेल्या प्रश्नापायी महिना गेला. त्या काळात सोयाबीनची सोंगणी आली आणि बाईंना पुन्हा जिल्ह्याला येणे अशक्य झाले.

दुसरा नमुना

आता त्यांना इकडे बोलवायचे की नमुना इकडे आणायचा, असा प्रश्न होता. त्वचेचा कोंडा कोरड्या कागदाच्या पुडीत साध्या तापमानाला बरेच दिवस टिकतो. तो फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नसते, उलट झाकण लावलेल्या प्लास्टिकच्या डबीत घाम धरून जिवाणू वाढतात. म्हणजे रक्ताच्या नमुन्यासारखी बर्फाची पेटी नको, धावपळ नको. मॅडमनी दहा दिवस सगळी मलमे आणि गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या. नंतरच्या बुधवारी त्यांनी स्वतः कमरेवरून, उजव्या मांडीवरून आणि नवऱ्याच्या जांघेतून असे तीन नमुने घेतले आणि तीन वेगळ्या पुड्या एका लिफाफ्यात घालून एसटीच्या पार्सलने पाठवल्या.

औषधे बंद ठेवलेले ते दहा दिवस बाईंना फार जड गेले. रात्री खाजेने झोप नसे. जावेने जुनी ट्यूब पुढे केली होती आणि बाईंनी ती परत केली, हे गावातल्या आशा स्वयंसेविकेकडून, आशाताईंकडून, कळले. प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात या दहा दिवसांची नोंद "औषधविरहित कालावधी" एवढीच होते.

सहाव्या दिवशी तिन्ही नळ्यांत वाढ दिसली. पांढरट पिवळसर, पिठासारखी भुरभुरीत वाढ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडांसारखे लहान गोल बीजाणू व कुठे कुठे स्प्रिंगसारखे वेटोळे धागे. युरियाचे माध्यम गुलाबी झाले. इतक्यावरून बुरशी मेन्टाग्रोफायटिस गटातली आहे असे म्हणता येते. नेमकी इंडोटिनी आहे का, हे जनुकाची क्रमवारी वाचल्याशिवाय ठरत नाही.

कोणते पर्याय होते

मॅडमशी फोनवर बराच वेळ चर्चा झाली. चाचणी न करता थेट इट्राकोनाझोल हे दुसरे बुरशीनाशक सुरू करणे हा एक मार्ग होता, आणि देशभरातले बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ अशा वेळी तेच करतात. आम्हाला त्यात गैर काही वाटत नाही. पण या घरात एकाच वेळी पाच जणांवर उपचार करायचे होते, औषध पदरमोड करून घ्यायचे होते, आणि आधीच्या दहा आठवड्यांच्या गोळ्या वाया गेल्याने घरातल्यांचा विश्वास संपत आला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "किती गोळ्या घालसान बाप्पा त्या पोरीच्या पोटात?"

दुसरा मार्ग होता बुरशीचे वाण चंदीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या संस्थेकडे पाठवणे. तिथे रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि अशा चाचण्यांचा दीर्घ अनुभव आहे. मात्र पाठवणे, रांग आणि उत्तर यांत हंगाम निघून जाईल अशी भीती होती.

तिसरा मार्ग म्हणजे चाचणी आमच्याकडेच करणे. पद्धत आम्हाला ठाऊक होती, पण ती नेहमीच्या कामाचा भाग नव्हती. यासाठी औषधाची शुद्ध पूड लागते. बाजारातली गोळी कुटून चालत नाही, कारण तिच्यातले भराव पदार्थ आणि अंदाजे वजन यामुळे मात्रेचा हिशोब बिघडतो. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, ग्रिसिओफुल्विन आणि लुलिकोनाझोल यांच्या पुड्या नुकत्याच आल्या होत्या. निर्णय त्यावरच झाला हे कबूल करायला हवे. त्या आलेल्या नसत्या तर आम्ही दुसरा मार्ग धरला असता. शेवटी आम्ही स्वतः चाचणी करायचे आणि एक वाण जनुकतपासणीसाठी बाहेर पाठवायचे ठरवले.

चाचणी कशी झाली

सीएलएसआय या अमेरिकन संस्थेच्या एम38 या प्रमाणपद्धतीप्रमाणे काम केले. युरोपातील युकास्टनेही 2020 मध्ये त्वचेच्या बुरशींसाठी वेगळी पद्धत प्रसिद्ध केली आहे, पण आमच्याकडची सामग्री पहिल्या पद्धतीला जुळणारी होती. दोन्ही पद्धतींचे आकडे सरसकट एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून कोणती वापरली हे अहवालात लिहिणे आवश्यक असते.

बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमावर बुरशी सात दिवस पुन्हा वाढवली. वरून सलाइन घालून बीजाणू खरवडले, जड धागे खाली बसू दिले आणि वरचे पाणी घेऊन काचेच्या मोजणीपात्रावर बीजाणू एक एक मोजले. जिवाणूंच्या कामात द्रावणाचा गढूळपणा पाहून संख्या ठरवता येते. इथे धाग्यांचे तुकडे मध्ये आले की गढूळपणा फसवतो. एका मिलिलिटरमध्ये एक ते तीन हजार जिवंत बीजाणू असावेत असा दंडक आहे. मोजणी दोघांनी वेगवेगळी केली आणि आकडे जुळेपर्यंत पुढे गेलो नाही.

96 वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये आरपीएमआय 1640 हे द्रवमाध्यम घेतले. प्रत्येक ओळीत एक औषध, डावीकडून उजवीकडे दर वेलमध्ये आधीच्या निम्मी मात्रा, एक वेल औषधाशिवाय आणि एक बुरशीशिवाय. टर्बिनाफिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे आधी डीएमएसओ या द्रावकात विरघळवावे लागते. प्लेट 35 अंशांवर चार दिवस ठेवली. सोबत खात्रीच्या प्रमाण वाणाची एक ओळ होती. औषधाशिवायच्या वेलच्या तुलनेत वाढ 80 टक्के कमी झालेली सर्वांत लहान मात्रा म्हणजे एमआयसी.

चौथ्या दिवशी प्लेट आरशावर धरून पाहिली. इट्राकोनाझोलच्या ओळीत सर्वांत लहान मात्रांच्या दोन-तीन वेल सोडल्या तर वाढ मावळली होती. टर्बिनाफिनच्या ओळीत मात्र टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक वेलच्या तळाशी सारखाच पांढरा कापसाचा पुंजका होता. या औषधासाठी प्रमाणपद्धतीतली सर्वांत मोठी मात्रा मिलिलिटरला 0.5 मायक्रोग्रॅम आहे आणि तिथेही वाढ औषधाशिवायच्या वेलइतकीच होती. आमचा पहिला संशय स्वतःवर होता. औषध विरघळलेच नसेल, साठवणीत खराब झाले असेल, लोडशेडिंगमध्ये डीप फ्रीझर बंद पडला असेल. पण त्याच द्रावणाने प्रमाण वाणाला अपेक्षेप्रमाणे अगदी लहान मात्रेत रोखले होते. म्हणजे औषध शाबूत होते.

इथे निर्णयाचा एक मुद्दा आला. "0.5 पेक्षा जास्त" एवढे लिहून अहवाल द्यायचा, की आणखी पाच दिवस घालवून मोठ्या मात्रांची प्लेट लावायची? उपचार बदलायला पहिले उत्तर पुरेसे होते. आम्ही ते फोनवर त्याच दिवशी कळवले आणि दुसरी प्लेटही लावली. तिच्यात बाईंच्या दोन्ही नमुन्यांची एमआयसी 8 आणि नवऱ्याच्या नमुन्याची 4 आली. एका पायरीचा असा फरक या पद्धतीत चालतो, म्हणून त्यावरून दोघांची बुरशी वेगळी असे म्हणता येत नाही. बदल न झालेल्या बुरशीत हा आकडा बहुधा 0.1 च्याही खाली असतो. बाकी औषधांपैकी इट्राकोनाझोल 0.06, लुलिकोनाझोल तपासलेल्या सर्वांत लहान मात्रेतच परिणामकारक, ग्रिसिओफुल्विन 2 आणि फ्लुकोनाझोल 32 असे आकडे होते.

मात्रा दुप्पट करूनही काही का झाले नाही, याचा यातून उलगडा होतो. टर्बिनाफिनच्या 250 मिलिग्रॅमनंतर रक्तातली सर्वोच्च पातळी मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते. त्वचेच्या वरच्या थरात औषध साचते आणि तिथली पातळी अधिक असते, त्यामुळे रक्ताचा आकडा आणि एमआयसी यांची थेट वजाबाकी करू नये. पण जिथे शेकडो पटींचा फरक पडला आहे तिथे दोन गोळ्यांनी तो भरून निघत नाही.

अहवालात काय लिहायचे

आमच्या विद्यार्थ्याने अहवालाच्या कच्च्या प्रतीत टर्बिनाफिनपुढे "रेझिस्टंट" आणि इट्राकोनाझोलपुढे "सेन्सिटिव्ह" लिहिले. लघवीच्या कल्चरचे अहवाल रोज असेच जातात, तो त्याच सवयीने गेला. अडचण अशी की त्वचेच्या बुरशींसाठी सीएलएसआयने रुग्णाच्या बरे होण्याशी जोडलेल्या सीमारेषा ठरवलेल्याच नाहीत. ज्या आकड्याच्या खाली रुग्ण बरा होण्याची अपेक्षा धरावी, असा आकडा नाही. अशा वेळी ते दोन शब्द लिहिणे म्हणजे आपल्याकडे नसलेली खात्री ठशठशीत अक्षरांत देणे होय.

यावर विभागात वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की तालुक्यातला डॉक्टर आकडा वाचत नाही, शब्द वाचतो. शब्द दिला नाही तर अहवाल फाइलमध्ये पडून राहील. या म्हणण्यात तथ्य होते. शेवटी आकडे दिले, पद्धत लिहिली आणि खाली दोन वाक्ये घातली: टर्बिनाफिनची एमआयसी या बुरशीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फार वर आहे, त्यामुळे ते परिणामकारक ठरण्याची शक्यता कमी आहे; इट्राकोनाझोलची एमआयसी नेहमीच्या पातळीत आहे. दुसऱ्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य यायला हवे होते आणि ते आम्हाला सुचले नाही. त्याची किंमत पुढच्या तीन आठवड्यांत कळली.

उपचार आणि अडलेले तीन आठवडे

मॅडमनी यकृताची रक्ततपासणी केली. इट्राकोनाझोल गरोदरपणात टाळतात, पण बाईंचे ऑपरेशन झालेले होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. इट्राकोनाझोल 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोबत साधे बुरशीनाशक मलम, आणि स्टेरॉइडची ट्यूब कायमची बंद. नवरा आणि जाऊ यांनाही तेच. मुलाचे चट्टे लहान होते, त्याला फक्त मलम. सासूबाईंच्या पायांवर सूज होती, धाप लागत होती आणि कोलेस्टेरॉलसाठी अटॉर्व्हास्टॅटिन चालू होते. हृदयाची शक्ती कमी असल्यास इट्राकोनाझोल देत नाहीत, शिवाय या औषधाने स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते. त्यांच्या कमरेवर एकच चट्टा होता, म्हणून त्यांनाही मलमावरच ठेवले.

तीन आठवड्यांनी नवऱ्याची खाज जवळजवळ गेली होती. बाईंची तशीच होती. मॅडमचा फोन आला: "तुमच्या अहवालात दोघांचाही आकडा सारखाच आहे ना? मग एकाला लागू पडतं आणि एकाला नाही, असं कसं?"

मात्रा दुप्पट करणे, ग्रिसिओफुल्विनवर जाणे किंवा नमुना पुन्हा घेणे असे तीन मार्ग समोर होते. तिन्ही मार्गांत बुरशी बदलली असे गृहीत होते. पुन्हा नमुना घेण्याकडे आमचाही कल होता, कारण प्रयोगशाळेतल्या माणसाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्लेटमध्येच दिसते. मॅडमनी आधी आशाताईंना घरी पाठवले आणि बाई गोळ्या कधी, कशा घेतात ते डोळ्यांनी पाहून यायला सांगितले.

आशाताईंनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात प्लास्टिकची पिशवी, तीत इट्राकोनाझोलची पाने आणि त्यांच्याभोवती रबराने बांधलेले पँटोप्राझोलचे पान. गुडघेदुखीसाठी बाई वेदनाशामक गोळी घेत, तिने जळजळ होई, म्हणून दोन वर्षांपासून रोज सकाळी "गॅसची गोळी" चालू होती. पहाटे वावरात जाताना त्या उपाशीपोटी गॅसची गोळी आणि इट्राकोनाझोल एकत्र घेत, आणि रात्रीची कॅप्सूल झोपताना. औषध नेमाने चालू होते, एकही कॅप्सूल चुकलेली नव्हती.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे असतात. ते विरघळायला पोटात आम्ल लागते. म्हणूनच ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची असते. पँटोप्राझोल नेमके तेच आम्ल कमी करते. त्यामुळे औषध पोटात गेले तरी रक्तात आणि त्वचेत फारसे पोचत नव्हते. आमचा 0.06 हा आकडा बरोबर होता, पण तो वेलमध्ये मोजून घातलेल्या औषधाबद्दल होता. बाईंच्या त्वचेत किती औषध आहे याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. पँटोप्राझोलची नोंद मॅडमच्या कागदावरही नव्हती. गॅसची गोळी हे औषध आहे असे आपल्याकडे कोणी धरत नाही, त्यामुळे "आणखी काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला बाईंनी मनापासून "नाही" म्हटले होते.

वेदनाशामक गोळी थांबवून पॅरासिटामॉल दिले, पँटोप्राझोल बंद केले, आणि कॅप्सूल दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर लगेच घ्यायला सांगितली. मात्रा वाढवली नाही.

परिणाम

पुढच्या दोन आठवड्यांत खाज निम्म्यावर आली आणि पाचव्या आठवड्यात चट्ट्यांची उठलेली कड सपाट झाली. बदलानंतर एकूण दहा आठवडे औषध चालले. शेवटी काळ्या डागांच्या जागेवरून घेतलेल्या कोंड्यात केओएचखाली धागे नव्हते आणि कल्चरमध्येही काही उगवले नाही. सहा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, बाई आणि नवरा दोघेही मोकळे होते. जावेला मात्र पुन्हा एक चट्टा उठला. तिने सहाव्या आठवड्यातच औषध थांबवले होते, कारण खाज गेली होती आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पैसे बियाण्याच्या उधारीत गेले होते. सासूबाईंचा चट्टा मलमाने बराचसा गेला, पूर्ण नाही.

मांड्यांच्या आतल्या बाजूला स्टेरॉइडने पडलेल्या रुंद, चिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा राहिल्या. त्या जाणार नाहीत हे बाईंना स्पष्ट सांगितले.

जनुकतपासणीचे उत्तर अडीच महिन्यांनी आले. बुरशी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी आणि विकराच्या 397 व्या जागी फेनिलअॅलनिनऐवजी ल्यूसीन, म्हणजे टर्बिनाफिनच्या मोठ्या एमआयसीशी जोडला गेलेला सर्वपरिचित बदल. उत्तर आमच्या नोंदीसाठी उपयोगी पडले, रुग्णासाठी नाही. त्याच्या आधीच त्या बऱ्या होऊ लागल्या होत्या.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या नमुन्याबाबत शंका नाही: मलमाची चौकशी केली असती तर महिना वाचला असता. चाचणीबाबत आमचे मत थोडे बदलले आहे. पूर्ण प्लेट लावण्याऐवजी साबुरो माध्यमात मिलिलिटरला 0.2 मायक्रोग्रॅम टर्बिनाफिन घालून त्यावर बुरशी पेरली असती, तर "या औषधाला दाद देते की नाही" एवढे उत्तर बरेच लवकर आणि कमी खर्चात मिळाले असते. एमआयसी 8 आहे की 4 आहे याने मॅडमच्या निर्णयात काहीच फरक पडला नाही. इट्राकोनाझोलसाठी मात्र अशी सोपी चाळणी आमच्याकडे नाही, तिथे प्लेटच लावावी लागते. पाच औषधे तपासली, त्यांपैकी फ्लुकोनाझोलचा आकडा पाहायची गरज नव्हती. या गटावर त्याचे आकडे मोठेच येतात आणि ते औषध आधीच अपयशी ठरले होते. पुडी हाताशी होती म्हणून लावले, दुसरे कारण नाही.

प्रत्येक नायट्याची अशी तपासणी करावी, असे आम्ही सुचवत नाही. ग्रामीण भागातल्या प्रयोगशाळेची ताकद पाहता, पुरेसे दिवस घेतलेले, पाकिटे मोजून खात्री केलेले टर्बिनाफिन अपयशी ठरले असेल तेव्हाच ही चाचणी करावी. पाकिटे मोजण्याचे ते काम दुसऱ्या कोणत्याही चाचणीइतकेच महत्त्वाचे होते.

अहवालाचा मसुदा आता बदलला आहे. इट्राकोनाझोलच्या आकड्याखाली लिहितो: "हा आकडा औषध त्वचेत पोचते असे गृहीत धरतो. कॅप्सूल जेवणानंतर घेतली जाते का आणि आम्लता कमी करणारी गोळी चालू आहे का, हे तपासावे." आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे प्रयोगशाळेचे काम वाटत नाही. औषध कसे घ्यावे हे सांगणे उपचार करणाऱ्याचे काम आहे, आकडा देऊन आपण थांबावे, असे त्यांचे म्हणणे आहे. बाकीच्यांना ते पटलेले नाही, आणि ओळ तूर्त छापली जाते.

नमुन्यासोबतच्या अर्जावर चार प्रश्न वाढवले आहेत: शेवटचे मलम कधी लावले, कोणती ट्यूब, घरात आणखी कोणाला आहे, आणि गॅसची गोळी चालू आहे का. चौथा प्रश्न "इतर औषधे" असा छापायचा होता. तालुक्याच्या मॅडमनी मसुद्यावर लाल शाईने तो खोडून "गॅसची गोळी" असेच लिहायला लावले. गेल्या बुधवारच्या पार्सलमध्ये सहा पुड्या आल्या. त्यांतल्या चार अर्जांवर त्या प्रश्नापुढे "हो" लिहिले होते, आणि एकावर कंसात "रोज सकाळी, चहाच्या आधी".